दादाला गादीवरून उतरवण्याचे प्रयत्न

आमच्या दादाला महाराजपदावरून खाली उतरवायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा ते दोन-चार दिवसांत उरकेल अशी माझी समजूत होती. मी उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे. उभ्या आयुष्यात मी किती तरी मुलांना बाकावर उभं केलं, किती तरी जणांना वर्गाबाहेर काढलं. त्या मानानं एका थोरल्या भावाला सोफ्यावरून खाली उतरवणं काय अवघड? (मुख्याध्यापक का झालो नाही, हा प्रश्न कृपया मधे आणू नये. त्याचा इथे संबंध नाही, आणि ज्यांच्यामुळे झालो नाही ते अजून हयात आहेत.)

काम मला दादानंच दिलं, आणि तेही न्हाणीघरात. आमच्या तीन खोल्यांच्या घरात तेवढीच एक जागा भक्तांपासून वाचली होती. बाहेरच्या खोलीत सतरंज्या, जिन्यात तळमजल्यापर्यंत चपला, आणि स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या अशा काही बायका, ज्यांची नावं माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. त्यांनी आमच्या फडताळातले डबे स्वतःच्या सोयीनं लावून टाकले होते. जिरं हवं असलं तर हिला आपल्याच घरात परक्या बाईला विचारावं लागायचं. त्या दिवशी मी दाढी करत होतो. दादा हळूच आत आला, कडी लावली, नळ सोडला आणि बादली उपडी घालून तीवर बसला.

“बाळ्या,” तो म्हणाला, “मला यातून सोडव.”

मला बाळ्या म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला आहे. त्याच्यामुळे आता तीन-चारशे माणसं मला बाळ्याकाका म्हणतात. त्यांत माझे दोन माजी विद्यार्थी आहेत आणि दोघांनीही माझा मार खाल्लेला आहे.

“कशातून?” मी विचारलं.

“या महाराजपणातून.”

“मग सांग ना त्यांना तसं. मी महाराज नाही म्हणावं, घरी जा.”

“सांगितलं. दर गुरुवारी सांगतो. सांगितलं की हात जोडतात. मागच्या गुरुवारी एक जण रडला.”

इथे दादा महाराज कसा झाला ते थोडक्यात सांगायला हवं. दादा पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर होता. सगळी नोकरी त्याच एका खिडकीवर गेली. तिथं टिकून राहायची त्याची एक पद्धत होती. समोरचा माणूस तोंडाला फेस आणत आला, की डोळे मिटायचे. मधे चकार शब्द काढायचा नाही. त्याचं सगळं बोलून झालं, की मान हलवून म्हणायचं, “लक्षात आलं.” नळाला पाणी येणं न येणं खात्याच्या हातात, पण माणूस मात्र निम्मा शांत होऊन घरी जायचा. निवृत्त झाल्यावर दादाची खिडकी सुटली, पद्धत सुटली नाही. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. आणि एका दुपारी आमच्याकडे एक विमा एजंट आला.

एजंटाच्या धंद्यात त्याला आजवर कुणी शेवटपर्यंत बोलू दिलं नव्हतं. दादानं डोळे मिटले आणि ऐकत राहिला. पॉलिसीचे फायदे संपले. तोटे विचारायचीही समोरच्याला घाई नाही, हे पाहून एजंट गांगरला आणि सासऱ्यांवर घसरला. सासऱ्यांवरून धाकट्या मेहुण्यावर, मेहुण्यावरून स्वतःच्या झोपेवर, आणि शेवटी आमच्या सोफ्यावर हमसून हमसून रडला. दादा म्हणाला, “लक्षात आलं.” दुसऱ्या दिवशी एजंट बायकोला घेऊन आला, त्यानंतर सासऱ्यांना. ‘श्रवणमहाराज’ हे नाव त्यानंच ठेवलं. सोफ्यावर पांढरी गादी त्यानंच टाकली. गुरुवारची आरती त्याच्या मेहुण्यानं रचली. तिची चाल बेताचीच आहे, पण म्हणणाऱ्यांचा उत्साह दांडगा. दादा कुणाकडून पैसा घेत नाही, अंगारा देत नाही, उपदेश तर मुळीच करत नाही. तो फक्त ऐकतो.

“पण आता काय झालं?” मी अर्धी दाढी तशीच ठेवून विचारलं.

दादानं नळ आणखी मोठा सोडला. “शेजारच्या खिडकीवरच्या बाई,” तो म्हणाला.

नवीन नळजोडणीच्या खिडकीवर एक बाई बसायच्या, हे मला अंधुक आठवत होतं. दुपारच्या सुट्टीत दोघं एकत्र चहा घ्यायची, असंही कधीतरी कानावर आलं होतं. त्यापलीकडे मी चौकशी केली नव्हती. दादाला असं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“त्या गाव सोडून चालल्यात. बहिणीकडे, कायमच्या,” दादा म्हणाला. “फोन आला होता. म्हणाल्या, काही बोलायचं असेल तर येऊन बोला. पण एकटे या. माणसासारखे या.”

“मग जा की!”

“गेलो होतो.”

तो गेला होता खरा. गेल्या आठवड्यात दादा सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडला, त्याचा मला आता उलगडा झाला. तो कोपऱ्यापर्यंत पोचेतो मागे आठ-दहा जण होते. बाजारपेठेत ते पन्नास झाले. एजंटानं ‘महाराजांची पदयात्रा’ म्हणून फोन फिरवले. बाईंच्या गल्लीत शिरताना पुढे झांजा होत्या. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. दादा दारासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. भक्तांनी त्या दाराच्या कडीला हार घातला, कारण महाराज तिथं थबकले होते.

सांगताना दादाचे कान लाल झाले होते. त्याचे कान मी लहानपणी चिडवल्यावर असे व्हायचे. मला एकदम फार वाईट वाटलं. “काळजी करू नकोस दादा,” मी म्हणालो, “तुझी अब्रू मी आठवड्याभरात धुळीला मिळवतो.” त्यानं कृतज्ञतेनं माझा हात धरला. हाताला साबण होता.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. सबंध इमारतीत दादाकडे न जाणारे, माझ्या माहितीत, आम्ही दोघेच, म्हणून मी त्यांच्याकडे सल्ल्याला गेलो. (ते जात नाहीत कारण त्यांना जिना उतरायला त्रास होतो. हे मला नंतर कळलं.) ते म्हणाले, “साधी गोष्ट आहे. माणसाची पत तपासायची तर आम्ही त्याचा मागचा इतिहास बघायचो. तुम्ही धाकटे भाऊ. तुमच्याइतका त्यांचा इतिहास कुणाला माहीत? खरंखुरं चरित्र लिहा आणि वाटा. लोक वाचतील आणि आपोआप पांगतील.”

कल्पना मला पटली. मराठी निबंध हा माझा हातखंडा विषय. मी दोन दिवस बसून दादाचं चरित्र लिहिलं आणि त्यात कुठलीही भर घातली नाही, कारण गरजच पडली नाही. दादा गणितात दोनदा नापास झाला. पालीला तो इतका घाबरतो की भिंतीवर पाल दिसली तर खोली सोडून जातो. कॅरम खेळताना कोपरानं सोंगट्या सरकवतो. एकदा नाटकात राजाच्या भूमिकेत सिंहासनावर झोपी गेला आणि राणीनं घोरणं झाकायला मोठ्यानं गाणं म्हटलं. तो देवळात जातो तो मुख्यतः तिथं गार वाटतं म्हणून. सायकलवरून पडून त्यानं एकदा एका म्हशीला शिव्या दिल्या, आणि म्हैस त्या वेळी रस्त्याच्या पलीकडे होती. शेवटी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सदर इसम सर्वसामान्य आहे. खाली सही, हुद्दा, आणि कंसात ‘निवृत्त’. शंभर प्रती काढून फाटकापाशी स्वतः वाटल्या.

संध्याकाळी एजंट माझ्या पायाच पडला. “बाळ्याकाका,” तो म्हणाला, “एवढं जवळचं चरित्र आम्हाला कोण देणार होतं?”

गुरुवारी त्याचं पारायण झालं. मी दाराआडून ऐकलं. एक शिक्षिका (शाळा दुसरी, पण तरी) अर्थ सांगत होत्या. गणितात दोनदा नापास, कारण मोजमापात अडकायचं त्यांनी बालपणीच नाकारलं. पालीला खोली सोडून देतात, म्हणजे हक्क गाजवायचा तो कुणावर? सिंहासनावर झोप लागणारा राजा किती निरिच्छ असेल, याचा विचार करा. कॅरमच्या प्रसंगी सगळे गंभीर झाले, कारण तो अध्याय कठीण होता. म्हशीपाशी तर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझं शेवटचं वाक्य, ‘सदर इसम सर्वसामान्य आहे’, त्यांनी सोनेरी अक्षरांत लिहून सोफ्यामागे लावलं. लेखनाबद्दल मला श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. मी ते घ्यायला बाहेर आलो नाही, तर ते हिच्या हातात दिलं आणि तिनं ते घेतलं.

दादा न्हाणीघरात भेटला. “म्हशीचं कशाला लिहिलंस?” एवढंच म्हणाला.

मग मी कायद्याचा मार्ग धरला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी हा नियमांचा माणूस. गॅलरीत ओला टॉवेल दिसला तरी तो नोटीस काढतो. राहत्या जागेत गर्दी जमवणं, जिना अडवणं, सामायिक दिव्याखाली आरती म्हणणं अशी मी माझ्याच घराविरुद्ध लेखी तक्रार दिली. सेक्रेटरीनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला, “तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, दोघं एकच आहेत. असा प्रसंग पूर्वी आलेला नाही. मला जागेची पाहणी करावी लागेल.”

तो पाहणीला आला. दादासमोर उभा राहून त्यानं नियम वाचायला सुरुवात केली. दादानं सवयीनं डोळे मिटले. सेक्रेटरी नियमावरून पोटनियमावर आला, पोटनियमावरून सभासद त्याला मागे काय म्हणतात त्यावर, आणि मग त्याचा आवाज बारीक झाला. हा माणूस इतकी वर्षं आमच्या जिन्यातले बल्ब स्वतः बदलतो आणि त्याचे कुणी कधी आभार मानलेले नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. तासाभरानं तो डोळे पुसत उठला आणि जाताना जिन्यातल्या चपला जोडीनं लावून गेला. पुढच्या आठवड्यात इमारतीला नवीन नोटीस लागली: गुरुवारी गाड्या मागच्या बाजूला लावाव्यात, भक्तांची गैरसोय होते.

मी पोलीस चौकीत गेलो. तिथं एक भारदस्त फौजदार बसले होते.

“कुणाला फसवलंय का त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“पैसे?”

“घेत नाही.”

“कुणाला औषध देतात? मारझोड? जमीन बळकावली?”

“पाहुण्यांना आमच्याकडे बसायला जमीन पुरत नाही साहेब.”

“मग गुन्हा काय?”

“तो महाराज नाहीये, हाच गुन्हा. लोक त्याला महाराज समजतात.”

“ते स्वतः काय म्हणतात?”

“मी महाराज नाही म्हणतो.”

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुमचं आणि त्यांचं एकच म्हणणं आहे. यात मी पकडू कुणाला?” मी उठलो. दारापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात त्यांनी हाक मारली. आजूबाजूला बघत हळू आवाजात विचारलं, “खरंच सगळं ऐकून घेतात का हो? मधे न बोलता? आमच्याकडे माणसं बोलतात फार, पण आम्ही कुणाला सांगायचं?” मी निमूटपणे पत्ता दिला.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही काहीच केलं नसतं तर एव्हाना निम्मे कंटाळून गेले असते.” हे वाक्य ती लग्न झाल्यापासून वेगवेगळ्या विषयांवर म्हणत आली आहे, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

माझा न्हावी म्हणाला, “साहेब, पेपरात द्या. पेपरात आलं की माणूस संपतो.” एक तरुण बातमीदार आला. मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली, दादाबद्दल जितकं वाईट सांगता येईल तितकं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दादाचा फोटो आणि वर ठळक मथळा: ‘संत की भोंदू?’ आत लिहिलं होतं की एका जवळच्या नातेवाइकाच्या मते महाराज ढोंगी असून, सदर नातेवाईक मत्सरग्रस्त असल्याचं भक्तांचं म्हणणं आहे. त्या प्रश्नचिन्हानं घात केला. गावात दोन तट पडले. संत म्हणणारे दादाला बघायला आले, आणि भोंदू म्हणणारेही खात्री करून घ्यायला आले. दोघांसाठी मिळून मांडव घालावा लागला. भक्तांनी काळ्या फिती लावून मूक मोर्चा काढला. तो आमच्याच घरातून निघाला, गावभर फिरला आणि निषेध नोंदवायला पुन्हा आमच्याच घरी, माझ्याकडे आला. माझे दोन माजी विद्यार्थी अग्रभागी होते. घोषणा नव्हत्या, पण बघण्यात बरंच काही होतं. मी गॅलरीत उभा राहून मोर्चाचं निवेदन स्वीकारलं. त्यात शुद्धलेखनाच्या फार चुका होत्या आणि त्या दाखवाव्यात की नाही यावर मी बराच वेळ अडलो.

दादा आता न्हाणीघरातही यायचा बंद झाला, कारण दाराबाहेर टॉवेल घेऊन दोघं जण उभे असायचे. जेवताना त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सहन झाली नाही. बाई रविवारी निघणार होत्या, आणि दिवस भरभर चालले होते. त्या घाईत माझ्या हातून ती मोठी चूक झाली.

मला वाटलं, जगातला कुठलाही महाराज एका गोष्टीपुढे टिकत नाही, आणि ती म्हणजे बाई. मी एजंटाला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणालो, “हे बघा, सांगणार नव्हतो. पण महाराजांच्या आयुष्यात एक स्त्री आहे.”

एजंट पांढराफटक पडला. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. “कोण?” त्यानं विचारलं. मी पत्ता सांगितला. “म्हणजे,” तो हळूहळू म्हणाला, “जिथं महाराज थबकले होते, ते घर?” आणि त्याचे डोळे भरून आले.

तासाभरात भक्तांमध्ये उभी फूट पडली. एका गटाचं म्हणणं, हा बाळ्याकाकांचा आणखी एक हलकट आरोप. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आपल्याला माताजी मिळाल्या आणि आपण करंटे इतके दिवस नुसता हार घालून येत होतो. दोन्ही गट बाईंच्या दारात गेले. एक त्यांच्याकडून खुलासा घ्यायला, दुसरा त्यांना आणायला. बाई पिशव्या भरत होत्या. दोन्ही गटांना त्यांनी कसं परतवलं ते मला नेमकं ठाऊक नाही, पण एजंटाच्या मेहुण्याचा सदरा ओला होता.

संध्याकाळी मला फोन आला. “तुम्हीच का ते बाळ्याकाका?” पलीकडून आवाज आला. मी हो म्हटलं. “उपमुख्याध्यापक?” मी ताठ बसून पुन्हा हो म्हटलं. “तुमच्या घराण्यात अक्कल नावाची वस्तू कुणाच्या वाट्याला आलीय का? माझ्या दारात चौघीजणी आरती म्हणतायत! तुमच्या भावाला सांगा, मी उद्या येतेय. काय ते तोंडावर सांगते आणि सुटते.” आणि फोन आपटला. मी दादाला निरोप दिला. तो नुसता सोफ्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाहेरची खोली खच्चून भरली होती. फौजदार साध्या कपड्यांत मागे बसले होते, सेक्रेटरी दारात चपला लावत होता. बाई आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. कुणी तरी ‘माताजी’ म्हणून वाट करून द्यायला लागलं, तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाटेतून आणि खोलीतूनही बाजूला झाला. त्या रांगेतच उभ्या राहिल्या. पुढच्या माणसाचं होईपर्यंत थांबल्या. सरकारी नोकरीत आयुष्य काढल्यावर माणूस रांग मोडत नाही.

त्यांची पाळी आली. दादानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि घाबरून त्याला जे येत होतं तेच केलं. त्यानं डोळे मिटले.

“उघडा ते,” बाई म्हणाल्या. “मी माझं सांगायला आले नाहीये. तुम्ही तीन आठवडे झाले काही तरी सांगणार होतात. दारापर्यंत आलात आणि परत गेलात. मी उद्या चाललेय. काय होतंय तुम्हाला?”

दादानं डोळे उघडले. मला वाटतं, तो सोफ्यावर बसायला लागल्यापासून त्या खोलीत हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. तसं म्हटलं तर त्याआधीही, माझ्या आठवणीत तरी नाही.

“गुडघा दुखतो,” दादा म्हणाला.

खोलीभर हात जोडले गेले. एजंटानं लगबगीनं वही काढली. महाराजांनी तोंड उघडलं होतं.

“डावा,” दादा म्हणाला. “मांडी घालून बसवत नाही. हे लोक उठतात तोवर पाय बधिर होतो. आणि सकाळी पोट साफ होत नाही. आधी व्हायचं. ऑफिसला चालत जायचो तेव्हा व्हायचं.”

एजंटानं तेही लिहून घेतलं. दादा थांबेना. बासष्ट वर्षं बंद असलेलं काहीतरी त्या माणसात उघडलं होतं. निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी तो डबा घेऊन ऑफिसपर्यंत गेला आणि पलीकडच्या फुटपाथवर बसून डबा खाऊन आला, ते त्यानं सांगितलं. डब्यात काय होतं ते सांगितलं. नवीन माणूस खिडकीत कसा वाकडा बसतो ते सांगितलं. सतरंज्या उचलल्यावर खोली कशी वाटते ते सांगितलं. मग तो पुन्हा गुडघ्यावर आला.

मागच्या बाजूला कुणी तरी घड्याळ पाहिलं. एक बाई पुढे सरसावल्या. “महाराज, माझ्या सुनेचं जरा...”

“थांबा,” दादा म्हणाला. “माझं अजून संपलं नाही.”

चरित्र, नोटीस, चौकी, वर्तमानपत्र आणि मी, आम्ही सगळ्यांनी मिळून जे जमलं नव्हतं ते या एका वाक्यानं केलं. खोलीत चुळबुळ सुरू झाली. सुनेच्या बाईंना गॅस चालू राहिल्याचं आठवलं. एकाला मुलीला क्लासहून आणायचं होतं. शिक्षिकेनं शेजारणीच्या कानात सांगितलं की महाराज आज बहिर्मुख झालेत, आणि दोघी वाकून बाहेर पडल्या. फौजदारांना ड्यूटी होती. दादा जेवणातल्या मिठाबद्दल बोलत असताना आणखी पंधरा-वीस जण गेले. सेक्रेटरी बिचारा बराच वेळ तग धरून होता, कारण दादानं त्याचं ऐकलं होतं. पण पाण्याच्या टाकीकडे कुणाला तरी बघायलाच हवं होतं. शेवटी उरला एजंट. त्यानं वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. “एका क्लायंटला वेळ दिलीय,” तो माझ्याकडे बघत म्हणाला, आणि पाया न पडता गेला.

खरं सांगायचं तर मीही उठलो होतो. दूध उतू जाईल म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर दूध नव्हतं. ही ओट्यापाशी चहाची भांडी विसळत उभी होती, आणि बाहेरून दादाचा आवाज येत होता.

“आणि मला बिनसाखरेचा चहा अजिबात आवडत नाही,” दादा सांगत होता. “इथं आल्या दिवसापासून तोच देतात. मला साखरेचं काही दुखणं नाही. त्यांना वाटलं, या वयात बरा. मी म्हटलं, ठीक आहे.”

हिचा हात थांबला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो निर्णय आम्ही दोघांनी मोठ्या काळजीनं घेतला होता, आणि त्याला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. हिनं नळ बंद केला, साखरेचा डबा शोधायला लागली, आणि तो परक्या बायकांनी कुठे ठेवलाय ते न कळून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही फार लाज वाटली.

मी दारातून डोकावलो. रिकाम्या सतरंज्यांच्या मधोमध बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळे मिटलेले नव्हते. “मग?” त्या म्हणाल्या. “मग तसं सांगायचं का नाही?”

“सांगतो,” दादा म्हणाला. “पण त्यासाठी आधी माझ्या आत्याचं सांगायला लागेल.”

पुढच्या गुरुवारी कुणी आलं नाही. महाराजांची शक्ती गेली असं गावात ठरलं. एजंटानं गादी आणि सोनेरी पाटी नेली. हल्ली त्यांच्यात मेहुणा बसतो म्हणे, पण तो ऐकता ऐकता गातो. फोनवर मॅनेजर म्हणाले की आता गर्दी नाही तर आपणही एकदा हळूहळू उतरून येऊ. मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

बाई रविवारी गेल्या नाहीत. रविवारी सकाळी त्या पुन्हा आल्या, तेव्हा दादा जेमतेम शाळेतून बाहेर पडून कॉलेजात शिरला होता. हिनं तिघांसाठी साखरेचा चहा आणला. मी दारात घुटमळलो.

“दादा, मीही बसू का ऐकायला?”

“बस,” तो म्हणाला. “पण मधे बोलायचं नाही.”

मी बसलो. हे वाक्य मी सगळी नोकरी दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो, आणि ते पाळायला इतकं जड जातं याची मला कल्पना नव्हती. दादा कॉलेजातल्या कुठल्याशा जिन्यावरून पडला होता आणि त्यात त्याचा डावा गुडघा प्रथम दुखावला होता. बाई विचारत होत्या, किती पायऱ्या, कोणी उचललं, घरी का नाही सांगितलं. उजवा गुडघा माझाही वर्षभर दुखतोय, आणि त्याची हकीकत याहून कितीतरी चांगली आहे. मी ती सांगितली नाही.